डिझास्टर, दशा आणि अवदसा

नागपुरातल्या बजाजनगरच्या एका शिक्षिकेने विचारलंय, ‘डिझास्टर’ हा ‘दुष्ट अस्त्र’वरून आला असं एका प्रशिक्षणात सांगितलं, ते खरं का? आणि मराठीत त्याला आपत्ती म्हणावं की संकट?

खरं नाही. हे दुष्ट अस्त्र मी किती वर्षं ऐकतोय आणि दर वेळी डोकं फिरतं. ‘अस्’ म्हणजे फेकणे. फेकून मारतात ते अस्त्र. डिझास्टरशी त्याचा काडीचा संबंध नाही. इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून घेतला, त्यांनी इटालियनमधून. ‘डिझास्त्रो’तला ‘अस्त्रो’ म्हणजे तारा. तारा फिरला की जे ओढवतं, ते डिझास्त्रो. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये एडमंड माणसांची टर उडवतो, की आपल्या डिझास्टरांचं खापर हे सूर्य, चंद्र, ताऱ्यांवर फोडतात. शब्दाच्या पोटातला तारा तेव्हा अजून जिवंत होता.

तो तारा हातात धरून पाहायचा असेल तर दसऱ्याच्या आधी बर्डीच्या फुलबाजारात जा. ॲस्टरचं फूल उचला. मधे पिवळी टिकली आणि भोवती जांभळ्या पाकळ्यांचे किरण. त्याचं नावच मुळी ग्रीक ताऱ्यावरून पडलंय. आपली संस्कृत तारा, फारसीतून आलेला सितारा, इंग्रजी स्टार, सगळे एकाच कुळातले. ऋग्वेदात ‘स्तृभिः’, म्हणजे ताऱ्यांनी, असं रूप येतं. त्यातला ‘स’ गळाला आणि तारा उरली. संस्कृतशी नातं हवंच असेल तर हे असं सख्खं नातं समोर असताना अस्त्र कशाला उचलता? आणि ‘डिस्’ म्हणजे आपला ‘दुस्’, दुष्टमधला ‘वाईट’ अर्थाचा, हेही चूक. दुस्-चा ग्रीक भाऊबंद डिसेंट्रीत सापडतो. डिझास्टरमधला डिस् लॅटिन, तो वेगळा.

आता खरी गंमत. ताऱ्यावर ठपका ठेवणारा अगदी असाच शब्द मराठीत आहे : अवदसा. मूळ अवदशा. कोशकार ‘वाईट अवस्था’ एवढं लिहून मोकळे होतात आणि मला ते मुळीच पटत नाही. दशा म्हणजे मुळात कापडाच्या काठाला सुटलेले दोरे, हा अर्थ आपण आजही वापरतो. त्यावरून अवस्था आणि ज्योतिषातला ग्रहाचा काळ हे अर्थ आले, हे मान्य. पण अवदसा वापरतात कशी ते ऐका. मे महिन्यात भर दुपारी मी सायकल काढली की महालातल्या घरी आजी ओट्यावरून ओरडायची, “काहून रे, अवदसा आठवली का?” अवस्था कधी कुणाला आठवते का? माणूस अवस्थेत असतो. अवदसा मात्र बाहेरून येते, माणसाला घेरते, आणि आली तशी जाते. ग्रहाची दशा हुबेहूब अशीच वागते. ज्योतिषातल्या विंशोत्तरी या दशापद्धतीत शनीची १९ वर्षं, शुक्राची २०. मुदत संपली की पुढचा ग्रह. म्हणून अवदसेतली दशा ग्रहाचीच, असं माझं ठाम मत आहे. डिस् आणि अस्त्रो, अव आणि दशा. इटलीत आणि महाराष्ट्रात एकमेकांना न विचारता शब्द एकाच साच्यात पडला!

बरं, तुमचा प्रश्न. संकट म्हणजे मुळात अरुंद, चिंचोळी जागा. तिथून निसटता येतं. आपत्ती येऊन कोसळते, त्यात ‘पद्’ म्हणजे पडणे हा धातू आहे. २००५चा कायदाही आपत्ती व्यवस्थापनाचाच आहे. धड्यात आपत्ती लिहा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, ती आपत्ती. सूर्य त्या दिवशी उत्तरा नक्षत्रात होता. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’, म्हणजे भात इतका उदंड पिकेल. मौदा-रामटेककडचे धानवाले ज्या नक्षत्राच्या पावसाची वाट बघतात, तेच हे.

आणि पोह्यांवरची तर्री जरा फिकी निघाली की ‘टोटल डिझास्टर’ म्हणणं कृपा करून थांबवा. तर्री बिघडली, एवढंच म्हणा.