चिकाटीचे आकडे घसरले, म्हणजे मुलं बिघडली का?

प्रश्न: मी डिग्रीच्या मुलांना शिकवते. वर्षभर आम्ही चिकाटी, जबाबदारी, टीमवर्क असल्या गोष्टींवर उपक्रम घेतला, सुरुवातीला आणि शेवटी एकच फॉर्म भरून घेतला, स्वतःला १ ते ५ मार्क द्यायचे. शेवटचे आकडे चक्क कमी आले! आता वरचे म्हणतात, बंद करा, नाहीतर हे मार्क रिझल्टमध्ये धरा म्हणजे पोरं सिरीयसली घेतील. काय करू?

उत्तर: मॅडम, आधी दुसऱ्या पर्यायाला ठाम नाही म्हणा. मार्क मिळणार म्हटल्यावर "मी हातचं काम अर्धवट सोडत नाही" या वाक्यापुढे कोण १ लिहील? सगळे ५ ठोकतील, आणि प्रामाणिक मुलगाच मागे पडेल. २००७ मध्ये 'ग्रिट' म्हणजे चिकाटी मोजायची प्रश्नावली पुढे आणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ, त्यांनीच २०१५ मध्ये डेव्हिड यीगर यांच्यासोबत लिहिलंय की अशा मोजमापावर कुणाला बक्षीस-शिक्षा देऊ नका.

आता घसरलेले आकडे. जूनमध्ये ज्याला वाटत होतं आपण फार मेहनती, त्याने वर्षभर खरी मेहनती मुलं जवळून बघितली, मग त्याची स्वतःची पट्टीच बदलली ना, काम आधीपेक्षा जास्त करतोय आणि मार्क मात्र ४ चे ३ देतोय. याला रेफरन्स बायस म्हणतात. म्हणजे उपक्रम फसला असं नुसत्या या आकड्यांवरून म्हणता येत नाही (जमला असंही नाही बरं का, ते वरच्यांना सांगताना लपवू नका).

मग बघायचं काय, तर वागणं. असाइनमेंट किती वेळेवर आल्या, चुका दाखवल्यावर किती जणांनी परत लिहून आणलं, ग्रुपमध्ये कोणी काय केलं हे सोबत्यांनाच विचारा, पण नेमकं विचारा, "जबाबदार आहे का" नको, "ठरलेला भाग ठरल्या दिवशी दिला का" असं. एकाच साधनावर विसंबू नका, हजेरीसुद्धा बसच्या वेळेवर अवलंबून असते!

आणि घडवायचं म्हणाल तर भाषणं कमी करा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली 'जर-तर' युक्ती मला आवडते, "अभ्यास करीन" ऐवजी "जेवण झालं की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पहिलं गणित सोडवीन" असं मुलांनी स्वतः लिहायचं, दर आठवड्याला बघायचं जमलं का, नसेल तर वाक्य बदलायचं. फॉर्म पण ठेवा हवं तर, फक्त तो मुलांकडेच राहू दे.