हार्डविक हॉलला एवढ्या खिडक्या कशा परवडल्या? भिंती कमकुवत नाही झाल्या?

काच तेव्हा महाग होती, म्हणून तर हा थाट! इंग्लंडच्या डर्बीशायरमधला हा वाडा बेस ऑफ हार्डविक या श्रीमंत उमराव बाईने 1590 ते 1597 मध्ये बांधला. आराखडा वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. काचेचा कारखाना तिचा स्वतःचाच होता.

भिंतींचं म्हणाल, तर धुराडी बाहेरच्या भिंतीत न घेता आतल्या जाड भिंतीत घेतली. त्या भिंती वाड्याचा कणा झाल्या आणि बाहेरची बाजू काचेला मोकळी राहिली. काही खिडक्या मात्र नुसता देखावा, काचेमागे भिंतच आहे. वर जाल तशा खिडक्या उंच होतात, कारण समारंभाची दालनं सगळ्यात वर. मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात ‘ईएस’, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी, तीच बेस. हिवाळ्यात गारठा मात्र भरपूर.