काढलं तरी शिव्या, ठेवलं तरी शिव्या

"ग्रुपवर कुणाला आवरलं तर हुकूमशहा म्हणतात. नाही आवरलं तर 'अ‍ॅडमिन झोपलाय काय' विचारतात. सोडून देऊ का मॅडम हे सगळं?" सोसायटीचे सचिव, माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप चालवणारे, मंडळाचे कार्यकर्ते, सगळे समुपदेशनाला येऊन मला हेच विचारतात. त्यातल्या एका तरुणाचा अनुभव संबंधितांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

कोल्हापुरात पंचगंगेच्या पुराचं पाणी शिरतं अशा एका गल्लीत या तरुणाचं औषधाचं दुकान आहे. 2019 च्या महापुरात त्याने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. कुणाच्या घरी म्हातारी माणसं अडकलीत, बोट कुठवर आली, दूध कुठे मिळतंय, सगळं त्यावर कळायचं. पूर ओसरला, ग्रुप राहिला. पुढे एका पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होती. तेव्हा गल्लीतल्या एका काकांनी राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा जुना व्हिडिओ आत्ताचा म्हणून टाकला. लोकांनी रातोरात सामान माळ्यावर चढवलं. याने व्हिडिओ पुसला आणि त्याच झटक्यात काकांनाही ग्रुपमधून काढलं.

"ग्रुप काय तुझ्या बापाचा हाय?" काकांच्या पुतण्याने लिहिलं. तिथून गोष्ट दुकानावर, मंडळाच्या जुन्या वर्गणीवर, शेवटी बायकोच्या माहेरावर गेली. हा मध्यरात्री उठून एकेका मेसेजला उत्तर देत बसायचा. दुकानात गिऱ्हाईक हसलं तरी आपल्यालाच हसतंय असं वाटायचं. त्यात कुणीतरी घाबरवलं होतं, 'पोलीस आधी अ‍ॅडमिनलाच उचलतात.'

ती भीती आधी दूर केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू असल्याशिवाय, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. त्याचे खांदे तिथेच खाली आले.

मग तो म्हणाला, "माझं बरोबर होतं की नाही, एवढंच सांगा." व्हिडिओ पुसणं बरोबरच होतं. पण काकांना काढणं ही वेगळी गोष्ट, आणि भांडण तिथेच होतं. 2005 च्या पुरात याच काकांनी शेजाऱ्यांना वरच्या मजल्यावर आसरा दिला होता. व्हिडिओ त्यांनी खोडसाळपणाने टाकला नव्हता, पाणी चढताना पाहून ते घाबरले होते. ज्या माणसाला विचारल्याशिवाय गल्लीत मांडव पडत नाही, त्याला काढल्याची ओळ सगळ्यांच्या फोनवर दिसली. पुतण्याच्या शिव्या त्या अपमानाच्या होत्या. समोरासमोर जे बोलवत नाही ते पडद्याआडून सहज लिहिलं जातं. मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांनी 2004 मध्येच यावर सविस्तर लिहिलं आहे.

म्हणून मी त्याला ग्रुपवर खुलासा लिहू दिला नाही. घरी जायला सांगितलं. आधी माझ्याच खोलीत सराव केला, मी काका झाले. तो प्रत्येक वाक्यात 'पण' घालायचा, आणि 'पण' आला की मी तोंड फिरवायची. शेवटी वाक्य जमलं: "काका, व्हिडिओ जुना होता म्हणून पुसला. तुम्हाला फोन न करता काढलं, ते माझं चुकलं." काकांनी त्याला बराच वेळ दारातच उभं केलं. मग म्हणाले, "एक फोन करायचा हुतास की रं."

त्यानंतर नियम ठरले, तेही चहा घेत, सगळ्यांच्या तोंडावर. पाणी वाढू लागलं की ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहिणार, बाकीच्यांनी बातमी त्यांच्याकडे पाठवायची. मेसेज पुसला तर टाकणाऱ्याला लगेच फोन. कुणाला काढायचं तर तिन्ही अ‍ॅडमिनचं एकमत हवं. त्या तिघांत गल्लीच्या वरच्या टोकाच्या एक वहिनी आहेत, आणि काका. रात्री दहानंतर उत्तर द्यायचं नाही, हा नियम मात्र मी फक्त त्याच्यासाठी केला. झोप परतायला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

पुतण्या अजून बोलत नाही, त्याने वेगळा ग्रुप काढलाय. काढू दे. गल्लीतल्या प्रत्येकाशी गोडी हवीच असं नाही. पण कुणी मारण्याची धमकी दिली, बाईमाणसाचे फोटो फिरवले, तर तिथे चहा-समेटाच्या भानगडीत पडू नका. मेसेज पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या.