प्रो घेऊ, प्रीमियम की लिमिटेड?

प्रश्न : राजारामपुरीत माझा कॅफे आहे. तिथं नवं पिनबॉल मशीन ठेवायचं डोक्यात आहे. एकाच गेमचे प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड एडिशन असे तीन प्रकार आहेत आणि प्रोपासून लिमिटेडपर्यंत किंमत जवळपास दुप्पट होते. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, लिमिटेडच घे, पुढं भाव येतो. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चुलतभावाचं गणित तिकडं बरोबर असेल. पण लिमिटेड विकायला काढलंत तर कोल्हापुरात गिऱ्हाईक कोण, ते त्याला विचारा की!

ही तिहेरी उतरंड शिकागोजवळच्या स्टर्न कंपनीची. अलीकडचे तिथले भाव प्रोला 6,999 डॉलर, प्रीमियमला 9,699 आणि लिमिटेडला 12,999. डॉलर 85 रुपये धरला तर सहा, सव्वाआठ आणि अकरा लाख. जहाजभाडं, कस्टम ड्यूटी, जीएसटी वेगळं.

आता पैसे जातात कुठं? प्रो आणि प्रीमियममधला खरा फरक काचेखाली असतो. 2012 च्या, एसी/डीसी या रॉक बँडवरच्या मशीनमध्ये प्रीमियमला मुख्य प्लेफील्डच्या (बॉल पळतो त्या फळीच्या) खाली आणखी एक छोटं प्लेफील्ड आहे, त्याला स्वतःचे फ्लिपर, म्हणजे बॉल परतवणारे दांडे. प्रोमध्ये ते नाहीच. मेटालिका या बँडवरच्या मशीनच्या प्रीमियममध्ये हातोडा बॉलला ठोकून खाली घालवतो. प्रोमध्ये हातोडा गायब. अशा गमतीसाठी प्रीमियमचे पैसे मोजणाऱ्याला मी हसणार नाही. घरी रोज तोच गेम खेळणाऱ्याला त्या लागतात. प्रीमियमवरून लिमिटेडला गेलात की खेळ बहुतेक तोच राहतो. वाढतो तो थाट : आरशासारखी बॅकग्लास (मागच्या खोक्यावरची चित्राची काच), नंबराची पट्टी, भारी काच, हादरे देणारी शेकर मोटर. शेकर तर प्रोलाही नंतर बसवता येते.

तुमच्या कॅफेत कॉलेजची पोरं येणार. कोल्ड कॉफी येईपर्यंत दोन-चार डाव खेळणार आणि मशीनला धक्के देणार. त्यांना प्रो बास झालं. आणि मी आयुष्यभर मशीनखाली मान घालून बसलेला माणूस, म्हणून सांगतो : जेवढी जास्त हलणारी यंत्रणा, तेवढ्या जास्त जागा बिघडायला. वाकलेलं ब्रॅकेट, झिजलेला बुश आपल्या उद्यमनगरात संध्याकाळपर्यंत करून मिळेल. नोड बोर्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, गेला तर मात्र तो बाहेरूनच मागवायचा, आणि तोवर कोपऱ्यात बंद मशीन.

कुणी ‘होम एडिशन’ स्वस्तात देतो म्हणाला तर भुलू नका. ते घरगुती वापरासाठी आहे, नाणी टाकायचं दारसुद्धा त्याला नसतं.

प्रो घेऊन वाचलेल्या पैशातून त्याच पेटीत फ्लिपर कॉइल, रबर रिंगा, फ्यूज आणि जादा बॉल मागवून घ्या. सुटे मागवले तर मालापेक्षा कुरिअरच महाग पडतं. ऑर्डर देताना 230 व्होल्टचं लेखी विचारा आणि कॅफेचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कॅफे वरच्या मजल्यावर असेल तर जिना आधी मापा. पाय सुटतात, मागचा खोका आडवा पडतो, पण धूड शंभर किलोच्या वर भरतं. चार गडी तरी पाहिजेत.