तलावाचे आकडे उणे का येतात?

प्रश्न : आमची मच्छीमार संस्था एका मामा (माजी मालगुजारी) तलावात मासोळी करते. पाणी किती गढूळ आहे हे पाहायला भाच्यानं सेंटिनेल-२ उपग्रहाचं फुकटचं चित्र उतरवलं आणि समुद्रासाठी वापरतात ती हवेची दुरुस्ती त्याला लावली. तर निळ्या प्रकाशाच्या पट्ट्यात, पाण्यातून येणाऱ्या प्रकाशाचे तलावभर उणे आकडे! असं काहून? अन् पाण्यातला ऑक्सिजन यातून समजते का?
– संस्थेचा सचिव, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : सचिवभाऊ, ती रीत खोल, निळ्या समुद्राची. उपग्रह ७८६ किलोमीटरवरून पाहतो. पाण्यावरून त्याला जो निळा प्रकाश मिळतो, त्यातला बहुतेक हवेचा आणि धुरक्याचा असतो. पाण्यातून आलेला थोडाच. म्हणून हवेचा वाटा आधी वजा करावा लागतो. तो किती, हे ठरवायला ‘जवळच्या अवरक्त’ म्हणजे लालच्या लगेच पुढच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा पट्टा घेतात. स्वच्छ पाणी हे किरण गिळून टाकतं, तेव्हा त्या पट्ट्यात जे दिसेल ते सारं हवेचंच, असा हिशेब.

तुमच्या तलावात पावसानं आणलेला गाळ. तो हेच किरण वर परतवतो. प्रोग्राम त्यालाही धुरकं समजतो, आणि निळ्याकडे धुरकं आणखी वाढतं असं धरून तिथून भरमसाट वजा करतो. धान मोजताना बारदानाच्या वजनात पोत्यातलं धानही धरलं, तर काट्यावर उणेच येणार.

उपाय आहे. १.६ आणि २.२ मायक्रॉनच्या आसपासचे लघुतरंग अवरक्त पट्टे घ्या, म्हणजे सेंटिनेलचे ११ आणि १२ क्रमांकाचे. तिथे गढूळ पाणीसुद्धा जवळजवळ काळंच दिसतं. चित्राचा एकेक ठिपका (पिक्सेल) मात्र १० ऐवजी २० मीटरचा, आणि प्रकाश इतका क्षीण की आकडे थरथरतात. बेल्जियमच्या नैसर्गिक विज्ञान संस्थेचं ‘अ‍ॅकोलाइट’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गढूळ किनाऱ्यांचा आणि तलावांचा विचार त्यात केलेला आहे. भाच्याला तेच वापरू द्या.

काठाचे ठिपके मात्र सोडा. बांधीतलं हिरवं धान आणि पाळीवरची बेशरमाची झुडपं अवरक्तात लखलखतात, त्यांचा उजेड हवेतून पाण्याच्या ठिपक्यांत सांडतो. शिंगाड्याचा वेल पसरलाय तो भागही वगळा. बोडीवर, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर, मी तर हा खटाटोप करणारच नाही, तिला मधला भाग असा उरतोच किती! आषाढ-श्रावणात ढगांमुळे चित्रच मिळणं मुश्कील, आश्विनापासून पाहा.

उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास वरून जातो. त्याच दिवशी, त्याच वेळी डोंग्यातून काळी-पांढरी तबकडी दोरीनं सोडा आणि ती कुठे दिसेनाशी होते ती खोली वहीत लिहा. त्याशिवाय चित्रातल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

ऑक्सिजनचं म्हणाल, तर विरघळलेल्या ऑक्सिजनला रंग नाही, त्यामुळे तो चित्रात सरळ दिसत नाही. त्यासाठी मीटर लागतो, आणि मोजायचं पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. तेव्हाच तो सगळ्यांत कमी असतो.