रक्ताभिसरणाचा धडा पाठच होत नाही, तर जीवशास्त्र सोडावे का?

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. गणित आणि भौतिकशास्त्र तुला मनापासून आवडते, हृदयाविषयी मिळेल ते तू वाचतेस. परंतु रक्ताभिसरणाचा धडा चार वेळा पाठ करूनही परीक्षेत धमन्या, शिरा आणि झडपा यांच्या नावांची सरमिसळ होते आणि गुण जातात, असे तू लिहिले आहेस. ज्याला साधी नावे लक्षात राहत नाहीत त्याने हृदयाचा नाद सोडावा, असे घरच्यांचे मत आहे. जीवशास्त्र सोडून द्यावे का आणि डॉक्टर न होता हृदयाशी संबंधित काम करता येते का, असे तुझे दोन प्रश्न आहेत. याशिवाय पत्राच्या अखेरीस जाता जाता तू आणखी एक शंका विचारली आहेस: हृदय सदैव रक्ताने भरलेलेच असते, तर त्याला स्वतःसाठी वेगळ्या धमन्या कशाला लागतात? ही शंका अभ्यासक्रमाबाहेरची ठरवून वर्गात बाजूला ठेवली गेली, याचे मला वाईट वाटले. तिच्याकडे मी शेवटी येते.

आधी तुझे चुकलेले उत्तर पाहू. फुप्फुस धमनीतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते, असे तू लिहिलेस आणि ते चूक ठरले. तू असे लिहिलेस, कारण 'धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध रक्त' हे सूत्र तू पाठ केले होतेस. फुप्फुस धमनी हा त्या सूत्राला अपवाद, फुप्फुस शिरा हा दुसरा अपवाद, अशी ओझी मग वाढत जातात. खरे तर सूत्रच सोयीपुरते आहे. हृदयापासून रक्त दूर नेणारी ती धमनी आणि हृदयाकडे रक्त परत आणणारी ती शिरा, एवढीच व्याख्या आहे. त्या रक्तात ऑक्सिजन किती आहे याचा नावाशी संबंध नाही. ही व्याख्या धरली की अपवाद उरत नाहीत. हृदयातून सुटलेले रक्त दाबाने येते म्हणून धमनीची भिंत जाड आणि लवचिक असते. शिरेपर्यंत पोहोचताना तो दाब जवळजवळ संपलेला असतो, म्हणून शिरेची भिंत पातळ असते आणि रक्त मागे फिरू नये यासाठी हातापायांच्या शिरांमध्ये झडपा असतात. भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलीने हा धडा दाब आणि प्रवाह यांचा म्हणून वाचायला हवा होता. तू तो नावांची यादी म्हणून वाचलास.

तसा वाचून पाहा. शरीरभर फिरून आलेले रक्त उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, येते, त्रिदली झडपेतून उजव्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात, उतरते आणि तेथून फुप्फुसांकडे ढकलले जाते. फुप्फुसांत ऑक्सिजन घेऊन ते डाव्या अलिंदात परतते, द्विदली झडपेतून डाव्या निलयात जाते आणि महाधमनीतून पुन्हा शरीरभर निघते. उजव्या निलयाचे काम शेजारच्या फुप्फुसांपुरते असते आणि तेथील वाहिन्यांचा विरोध कमी असतो, त्यामुळे त्याला पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर दाबावर भागते. डाव्या निलयाला मात्र १२० मिलिमीटरच्या आसपास दाब निर्माण करावा लागतो, म्हणून त्याची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड असते. झडपांना स्वतःचे स्नायू नसतात, त्या दाबातील फरकाने उघडतात आणि मिटतात. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या दोन ठोक्यांपैकी पहिला अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटतानाचा असतो, तर दुसरा महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या तोंडावरच्या झडपा मिटतानाचा.

आता तुझ्या गणिताला एक प्रश्न. विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते आणि मिनिटाला सुमारे ७० ठोके पडतात. समजा, उजवा निलय दर ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त १ मिलिलिटर जास्त रक्त ढकलू लागला, तर काय होईल? मिनिटाला ७० मिलिलिटर, म्हणजे दहा मिनिटांत ७०० मिलिलिटर रक्त फुप्फुसांत साचेल आणि माणूस गुदमरेल. प्रत्यक्षात असे होत नाही, कारण निलयात जितके जास्त रक्त भरते तितका त्याचा स्नायू ताणला जातो आणि मर्यादेच्या आत जितका ताणला जातो तितक्या जोराने तो आकुंचन पावतो. फुप्फुसांकडून जास्त रक्त आले की डावा निलय पुढच्या काही ठोक्यांत आपोआप जास्त रक्त पुढे पाठवतो. वरून कोणी हुकूम न देता दोन पंप एकमेकांशी बरोबरी राखतात. हा परिच्छेद वाचताना तुला कंटाळा आला असेल, तर माझा पुढचा सल्ला बराचसा गैरलागू आहे; पण तसे होणार नाही, असा माझा अंदाज आहे.

रक्त शरीरात फिरते, ही गोष्टसुद्धा मुख्यतः हिशेबातून सिद्ध झाली. ग्रीक वैद्य गॅलेनच्या मतानुसार यकृत अन्नापासून रक्त तयार करते आणि ते अवयवांत खर्च होऊन जाते. युरोपात ही समजूत सुमारे चौदा शतके टिकली. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये आपले विवेचन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचा एक मुख्य मुद्दा साधा गुणाकार होता. एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त अगदी कमी धरले, तरी अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त शरीरातल्या एकूण रक्ताहून अधिक भरते. इतके रक्त अन्नातून नव्याने तयार होणे शक्य नाही, म्हणून तेच रक्त परत येत असले पाहिजे. आजचे आकडे घालून तूही करून पाहा: मिनिटाला सुमारे ५ लिटर, म्हणजे दिवसाला ७,००० लिटरहून अधिक, आणि प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्त असते साधारण ५ लिटर.

हार्वे यांनी हातावर करून दाखवलेला प्रयोग तुला घरी करता येईल. एक हात थोडा वेळ खाली सोडून ठेव, म्हणजे शिरा फुगतात. मग हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूची किंवा कोपराच्या खालची एक ठळक, सरळ शीर निवड. बोटांच्या बाजूच्या टोकाशी ती एका बोटाने दाबून धर आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराच्या दिशेने निपटून पुढे सार. दुसरे बोट उचलल्यावरही, मध्ये झडप असेल, तर झडपेपर्यंतचा शिरेचा भाग सपाटच राहील, कारण वरचे रक्त झडप ओलांडून मागे येऊ शकत नाही. आता पहिले बोट उचल. शीर खालून वर, हृदयाच्या दिशेने, क्षणात भरेल. पहिल्याच शिरेवर जमेल असे नाही, दोन-तीन शिरा पाहाव्या लागतात.

हार्वे यांच्या मांडणीत एक दुवा मात्र राहिला होता. धमन्यांतून रक्त शिरांत कसे जाते, हे त्यांना पाहता आले नाही, कारण या दोहोंना जोडणाऱ्या अतिशय बारीक केशवाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. १६६१ मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या. यातल्या काही इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशीला अंग चोरून, वाकून पुढे सरकावे लागते. महाधमनीत सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर वेगाने जाणारे रक्त येथे सेकंदाला एक मिलिमीटरही पुढे जात नाही. एकेक केशवाहिनी बारीक असली, तरी सर्वांचे मिळून क्षेत्रफळ महाधमनीच्या कित्येक पट भरते, म्हणून वेग घटतो आणि ऑक्सिजन पेशींकडे झिरपायला सवड मिळते. केशवाहिन्यांच्या आधी ज्या बारीक धमनिका लागतात, त्या कोणत्या अवयवाला किती रक्त जायचे ते ठरवतात. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. त्रिज्या निम्मी झाली, की तेवढ्याच दाबावर प्रवाह एक षोडशांश उरतो. भौतिकशास्त्रात तू हे सूत्र शिकशीलच.

विजेची बाजू थोडक्यात सांगते. उजव्या अलिंदाच्या भिंतीत काही विशेष पेशींचा लहानसा पुंजका असतो आणि तो स्वतःहून विद्युत स्पंदने निर्माण करतो. हे स्पंदन अलिंदांमध्ये पसरते, मग अलिंद आणि निलय यांच्या सीमेवर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतके रेंगाळते आणि तेवढ्या वेळात अलिंदांतले रक्त निलयांत उतरते. मेंदू या पुंजक्याचा वेग कमीजास्त करतो, परंतु ठोका देत नाही. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाचे चेतातंतू तुटलेले असतात, तरीही ते धडधडत राहते आणि विश्रांतीच्या वेळी नेहमीच्या हृदयापेक्षा काहीसे जलदच चालते, कारण त्याला आवर घालणारी चेतासुद्धा तुटलेली असते. ही वीज त्वचेवरून अचूक मोजण्याच्या पद्धतीसाठी, म्हणजेच ईसीजीसाठी, विलेम आइंथोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतके सविस्तर लिहिण्यामागे हेतू आहे. 'मला हृदय आवडते' या वाक्यावर मी कोणालाही अभ्यासक्रम सुचवू शकत नाही. वर लिहिलेल्यापैकी कोणत्या भागाशी तू थबकलीस, ते मला कळायला हवे. दाब, प्रवाह आणि नळ्या यांच्यापाशी थबकली असशील, तर जैववैद्यकीय अभियांत्रिकी पाहा. कृत्रिम झडपा, रक्तवाहिन्यांतले स्टेंट, निलयाला हातभार लावणारे पंप आणि संगणकावर रक्तप्रवाहाची गणिते मांडणे हे सारे त्यात येते. विजेकडे ओढली गेली असशील, तर पेसमेकरसारखी उपकरणे घडवणारे अभियंते आणि हृदयाच्या लयीचा अभ्यास करणारे तज्ज्ञ यांचे क्षेत्र तुझे आहे. प्रतिमा पाहून अंदाज बांधणे जमत असेल, तर ध्वनिलहरींच्या साहाय्याने धडधडते हृदय पडद्यावर पाहणारे इकोकार्डिओग्राफीचे तंत्रज्ञ असतात. उजवा आणि डावा निलय बरोबरी कशी राखतात, यासारखे 'कसे' आणि 'का' सतावत असतील, तर शरीरक्रियाशास्त्रातले संशोधन आहे. डॉक्टर होण्याचा मार्ग या सर्वांच्या बरोबरीने आहेच. मात्र तो निवडताना हृदयाइतकीच हृदय दुखणाऱ्या माणसाविषयीही ओढ असावी लागते, कारण डॉक्टरचा दिवस मुख्यतः माणसांशी बोलण्यात जातो.

एका कामाविषयी थोडे अधिक सांगते, कारण त्याचे नाव फारसे कोणाच्या कानावर नसते. उघड्या हृदयावरच्या अनेक शस्त्रक्रियांत हृदय काही काळ थांबवावे लागते आणि तेवढा वेळ रक्ताभिसरण यंत्रावर चालते. असे यंत्र जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये प्रथम यशस्वीपणे वापरले. ते चालवणाऱ्या व्यक्तीला परफ्युजनिस्ट म्हणतात. अशी एक शस्त्रक्रिया पाहण्याची संधी मला मिळाली होती. मॉनिटरवरची ईसीजीची रेघ सपाट झाली, तेव्हा माझे सगळे लक्ष तिकडे गेले. यंत्रापाशी बसलेल्या बाईंची नजर मात्र एका पारदर्शक टाकीतल्या रक्ताच्या पातळीवरून हलत नव्हती. ती टाकी रिकामी होऊ दिली, तर हवा रोग्याच्या धमन्यांत जाऊ शकते, असे त्यांनी नंतर समजावून सांगितले. प्रवाह, दाब, तापमान, रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाचा परिणाम, यांचा हिशेब त्या सलग काही तास ठेवत होत्या. डॉक्टर न होता हृदयाच्या इतके जवळ नेणारी कामे थोडी आहेत. त्यासाठी स्वतंत्र शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा दीर्घ सराव लागतो, आणि जीवशास्त्राचा पाया तर लागतोच.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: या वर्षी जीवशास्त्र सोडू नकोस. केवळ अभियांत्रिकीकडे जायचे असेल, तर जीवशास्त्राशिवायही तिकडे पोहोचता येते. परंतु परफ्युजनिस्ट, तंत्रज्ञ, संशोधक आणि डॉक्टर हे चार दरवाजे आज बंद करण्याइतका पुरावा तुझ्या पत्रात मला दिसत नाही. एका धड्यातले गेलेले गुण हा तसा पुरावा नव्हे. पुढचे दोन महिने पुस्तकातली आकृती न पाहता, कोऱ्या कागदावर एका रक्तपेशीचा पूर्ण प्रवास काढ आणि प्रत्येक थांब्यावर दाब जास्त की कमी, ऑक्सिजन जास्त की कमी, एवढेच लिही. नावे शेवटी भर. या रीतीनेही विषय नकोसाच वाटला, तर तो सोडण्यास माझी हरकत नसेल आणि घरच्यांशी मी स्वतः बोलेन.

आता तुझी शंका. निलयाची भिंत इतकी जाड आहे की आतल्या पोकळीतल्या रक्तातून ऑक्सिजन झिरपत तिच्या संपूर्ण जाडीपर्यंत वेळेवर पोहोचू शकत नाही. शिवाय उजव्या बाजूच्या पोकळ्यांतल्या रक्तात ऑक्सिजन कमीच असतो. म्हणून महाधमनीच्या अगदी मुळाशी दोन हृद्‌धमन्या फुटतात आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवतात. यांत अडथळा आला की हृदयविकाराचा झटका येतो. गंमत अशी, की डावा निलय आकुंचन पावताना स्वतःच्याच भिंतीतल्या या वाहिन्या दाबून टाकतो, त्यामुळे त्याला त्याचे बरेचसे रक्त तो सैल पडतो तेव्हाच मिळते. आता धावणाऱ्या माणसाचा विचार कर: ठोके वाढतात, दोन ठोक्यांमधला सैल पडण्याचा वेळ सर्वांत जास्त घटतो, आणि नेमकी त्याच वेळी स्नायूला ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. विश्रांतीच्या वेळीसुद्धा हा स्नायू मिळालेल्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन काढून घेतो, म्हणजे आणखी काढून घ्यायलाही फारसा वाव नाही. मग हृदय ही गरज कशी भागवते? त्रिज्येच्या चौथ्या घाताचे सूत्र समोर ठेवून उत्तर लिही आणि पुढच्या पत्रासोबत मला पाठव.