वाचकांचे प्रश्न : व्याख्यान झाले, बसची ओळख राहिली

प्रश्न : आमच्या वसाहतीत स्वस्त आणि पर्यावरणपूरक स्थानिक प्रवासाविषयी आम्ही दोन व्याख्याने ठेवली. लोकांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गाडीने कामाला गेले. अशा लोकशिक्षणाचा काही उपयोग होतो का?

उत्तर : उपयोग होतो, पण तुम्ही शिकवलेला धडा श्रोत्यांना आधीपासूनच पाठ होता. धुराने हवा बिघडते हे त्यांना सांगावे लागत नाही. घराजवळच्या थांब्यावरून कामाच्या ठिकाणी नेमकी कोणती बस जाते, ती किती वेळाने येते, पास कुठे मिळतो आणि परतताना उशीर झाला तर कोणता पर्याय उरतो, हे मात्र वर्षानुवर्षे गाडीने जाणाऱ्या माणसाला बहुधा ठाऊक नसते आणि ते विचारण्याचा त्याला संकोचही वाटतो. म्हणून तिसरे व्याख्यान ठेवण्याऐवजी चार-पाच जणांना सोबत घेऊन एखाद्या सुटीच्या दिवशी तो प्रवास प्रत्यक्ष करून दाखवा. पहिल्या फेरीला सोबत मिळाली की दुसरी फेरी माणूस एकटा करतो.

खर्चाचा हिशेब मांडताना एक पथ्य पाळावे. गाडीचा खर्च म्हणजे इंधन एवढेच आपण धरतो आणि विमा, देखभाल, कर्जाचे व्याज व दरवर्षी घटणारी गाडीची किंमत विसरतो, हे खरे आहे. पण ज्याच्या दारात गाडी उभीच आहे, त्याचे विम्याचे पैसे ती न वापरल्याने परत येत नाहीत, आणि हे त्याला पक्के कळते. त्याला फुगवलेला आकडा दाखवलात तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडेल. खरी बचत होते ती दुसरी गाडी न घेण्यात. त्यामुळे नवे राहायला आलेले, नोकरी बदललेले किंवा गाडी घ्यायच्या विचारात असलेले कुटुंब आधी गाठा, कारण जुनी सवय मोडलेली असते तेव्हाच नवी लावून घेणे सोपे जाते.

सायकलीबाबत अडसर असतो तो अंतराचा कमी आणि भीतीचा अधिक. ताशी १५ किलोमीटरच्या बेताच्या वेगाने ५ किलोमीटर अंतर २० मिनिटांत कापता येते, पण शेजारून ट्रक जात असताना हे गणित कोणाला धीर देत नाही. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी काही मुख्य रस्ते मोटारींना बंद करून सायकलस्वार व पादचाऱ्यांसाठी मोकळे ठेवण्याची प्रथा आहे आणि आज असे रस्ते १०० किलोमीटरहून अधिक लांबीचे आहेत. तुम्हाला एक गल्ली एका सकाळपुरती मिळाली तरी सुरुवातीला ती पुरेशी आहे. मुलांसाठी ‘पायी बस’ हा त्याहून सोपा उपाय आहे : एक-दोन पालक ठरलेल्या वाटेने चालत निघतात, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणांहून मुले रांगेत सामील होतात आणि शाळेच्या दारातील मोटारींची गर्दी तेवढी कमी होते.

प्रश्न : बसप्रवास मोफत केला तर हे सारे शिकवण्याची गरजच उरणार नाही, असे वाटते. आपले मत काय?

उत्तर : लक्झेंबर्गने १ मार्च २०२० पासून देशभरातील सार्वजनिक वाहतूक, रेल्वेचा पहिला वर्ग वगळता, मोफत केली, तरीही दरडोई मोटारींच्या संख्येत तो देश युरोपातील आघाडीच्या देशांतच आहे. गरजूंना भाड्यात सवलत अवश्य मिळावी, परंतु अर्ध्या तासाने येणाऱ्या बससाठी वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेलेल्या प्रवाशाला सरासरी १५ मिनिटे ताटकळावे लागते आणि दर १० मिनिटांनी येणाऱ्या बससाठी केवळ ५. म्हणून वसाहतीच्या वतीने परिवहन विभागाकडे एकच मागणी करायची झाली, तर मी फेऱ्या वाढवण्याची करीन, आणि अर्जासोबत कोणत्या वेळी किती माणसे थांब्यावर उभी असतात याची आठवडाभराची नोंद जोडीन.